ज्या साली आमच्या जिभा काळ्या होत्या

एकोणीसशे शहाऐंशी साल. त्या साली आमच्या घरातल्या सगळ्यांच्या जिभा काळ्या होत्या. अपवाद फक्त आमच्या ह्यांचा. त्यांचं म्हणणं, "दिवसभर नाकातून जातो तेवढा कोळसा मला पुरे. तोंडातून वेगळा नको."

आमचा धंदाच कोळशाचा होता. चुलीत घालायच्या कोळशाचा नव्हे, पाणी गाळायच्या कोळशाचा. घरामागे लांबलचक पत्र्याची शेड होती. तिच्या एका टोकाला भट्टी, मध्ये चाळण्या, दुसऱ्या टोकाला गाळणी भरायची टेबलं. करवंट्या जाळून कोळसा करायचा, मग लोखंडी पिंपात घालून त्यावर कडकडीत वाफ सोडायची. त्या वाफेनं कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात, आणि पाण्यातला रंग, वास, नको ती रसायनं त्या छिद्रांत अडकून बसतात. भट्टी ह्यांची, हिशेब सासूबाईंचा, गाळणी भरायचं काम माझं आणि आणखी चौघींचं. उरलेलं सगळं म्हणजे डोकं चालवायचं काम धाकट्या दिरांनी आपणहून अंगावर घेतलेलं होतं.

भावजींना सगळे 'संशोधक' म्हणायचे. दर दोन महिन्यांनी त्यांचा एक नवा शोध निघायचा. एकदा ते डोक्यावर उभे राहून जेवण पचवायला निघाले होते. एकदा घरातल्या सगळ्या खाटांची डोकी दिशा बघून फिरवली, त्यात आमची खाट दाराला आडवी आली आणि आठवडाभर हे आणि मी खिडकीतून ये-जा केली. पण माणूस मायेचा. कुणाचं पोट दुखलं की भावजींच्या पोटात कालवायचं.

आणि टिटवी. माझी नणंद, घरातलं शेंडेफळ. आवाज असा की शेडच्या त्या टोकाला ती हळूच काही बोलली तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. म्हणून टिटवी. ह्या आवाजाचं तिनं काय करावं? तर मागच्या खोलीत बसून गाळण्यांवर लेबलं चिकटवावीत. कारण शाळेत असताना, भर प्रार्थनेत, तिला पहिल्यांदा फिट आली होती. पुढे औषधं सुरू झाली, गोळी लागू पडली, तीन वर्षांपूर्वी मी लग्न होऊन आले तेव्हापासून तर तिला एकही झटका आलेला नव्हता. पण सासूबाईंच्या डोळ्यांसमोरून ती प्रार्थना हलत नव्हती. पोरीला चार लोकांत कधी उभं केलं नाही. कुठे झटका आलाच तर त्या आधी चादर शोधायच्या, अंगावर टाकायला, कुणी बघू नये म्हणून. हे मला ह्यांनी सांगितलेलं.

दरवर्षी थंडीच्या सुरुवातीला शहराच्या मोठ्या सभागृहात घरगुती वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरायचं. आमचंही एक दुकान असायचं. आदल्या वर्षी प्रात्यक्षिक भावजींनी केलं होतं. म्हणजे करायला उभे राहिले होते. समोर माणसं बघितल्यावर त्यांची दातखीळ बसली, आणि काचेची नळी हातातून सुटून एका बाईंच्या नव्याकोऱ्या बुटात फुटली. त्यानंतर टिटवीनं हट्टच धरला.

"या वर्षी मी करणार."

"तू? आणि तिथेच पडलीस तर?" सासूबाई म्हणाल्या.

"तीन वर्षांत पडले का?"

"तीन वर्षांत तुला मी उभी कुठे केली होती?"

"तेच म्हणतेय ना मी! आता कर."

शेवटी ह्यांनी मध्ये पडून तह घडवला. प्रदर्शन टिटवी करेल. ते नीट पार पडलं, तर पुढे धंद्याच्या निळ्या गाडीतून गावोगाव जाऊन प्रात्यक्षिकं करायची कामगिरीही तिची. पण तोवर एक जरी झटका आला, तर आयुष्यभर लेबलं. सासूबाईंनी हे तीनदा वदवून घेतलं. टिटवीनं हसत हसत तीनदा कबूल केलं, मग माझ्या खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून आनंदानं ओरडली. तो आवाजही शेडपर्यंत गेला.

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. काय तयारी चालली होती म्हणून सांगू! हातभर लांबीची नवी काचेची नळी आली. वरून खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी ओतायचं, नळीतल्या कोळशातून ते झिरपायचं, आणि खालच्या तोटीतून नितळ पांढरं पाणी पेल्यात पडायचं. मग टिटवीनं तो पेला उंच धरायचा आणि घटाघटा प्यायचा. ती आरशासमोर सराव करायची, जिन्यावर करायची, न्हाणीघरात तर अखंड. आमची मांजर 'सज्जनहो' ऐकलं की पळून जायची.

आणि नेमक्या त्याच दिवसांत भावजींचा नवा शोध निघाला.

कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की शरीरात विषं साचतात आणि कोळसा ती ओढून घेतो. झालं! ते मासिक फडकवत स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, काखेत कळसा आणि गावाला वळसा! आपण पाणी शुद्ध करतोय आणि स्वतः मात्र आतून तसेच. अहो, एवढ्याशा चिमूटभर कोळशात मैदानाएवढी जागा असते. मैदानाएवढी! सगळी विषं तिथे जाऊन बसतील."

"मासिकात गोळ्या लिहिल्यात, भावजी. औषधांच्या दुकानातल्या."

"गोळ्या कशाला? घरात गाडीभर आहे की!"

दुसऱ्या दिवसापासून चहा झाला की भावजी स्वयंपाकघराच्या दारात वाटी घेऊन उभे. शेडमधली सगळ्यात बारीक भुकटी मधात कालवलेली. प्रत्येकाला चमचा चमचा. आमच्या कुणाच्या मनात शंका आली नाही, याचं आज नवल वाटतं. पण तेव्हा नव्हतं वाटत. त्या कोळशावर आमचा देवावर असतो तसा विश्वास होता. आमच्या हातानं चाळलेला, आमच्या भट्टीतला, त्यातून गेलेलं पाणी आम्ही तान्ह्या मुलांना पाजत होतो. तो वाईट कसा असेल?

सासूबाईंना तर पहिल्या दोन दिवसांतच गुण आला. त्यांचे ढेकर थांबले. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या डोक्यातून काही कामाचं निघालं," असं त्या भावजींना म्हणाल्या, आणि भावजी दिवसभर तरंगत होते. टिटवीला तेज हवं होतं, व्यासपीठावर चेहरा चमकायला हवा होता. ती तर दोन चमचे घ्यायची. मीही घेतला. चवीला मध, दाताखाली रेती. घरात कुणी कुणाशी हसून बोललं की समोरचा दचकायचा, असे आमचे दात.

"आधीच तुझी जीभ काळी," सासूबाई टिटवीला म्हणाल्या. "बोलतेस ते खरं होतं. आता रंगही शोभेसा आला."

"मग ऐक तर काळ्या जिभेचं बोलणं. सभागृह गच्च भरणार, आणि लोक माझ्यासाठी थांबणार!"

दिवस भराभर गेले. आठवड्याभरानं सासूबाईंची तक्रार सुरू झाली. "अरे मेल्या, हा तुझा कोळसा आत जाऊन बसलाय, तो बाहेर यायचं नाव घेईना. विषं राहू देत, निदान हा भाडेकरू तरी बाहेर काढ!" भावजी म्हणाले, सफाई चाललेली असताना थोडी अडचण व्हायचीच. वर आणखी अर्धा चमचा दिला.

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी सकाळी टिटवी माझ्यासमोर चहा घेत होती. नवा निळा पोशाख, केस घट्ट बांधलेले. तिचा हात एकदम उडाला. कुणी दोरी ओढावी तसा. कप भिंतीवर जाऊन फुटला.

मी तुकडे वेचायला वाकले.

"वहिनी, आईला सांगू नकोस."

"गोळ्या घेतेस ना?"

"घेतेय. आई शप्पथ. सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवलेली नाही, आजची चहानंतर घेईन. हवं तर डबी बघ."

मी डबी बघितली. गोळ्या जितक्या असायला हव्यात तितक्याच होत्या. मग हात का उडाला? "आधी असं कधी झालं?"

"काल दोनदा." तिचे डोळे भरले. "वहिनी, आजचा दिवस. फक्त आजचा दिवस जाऊ दे."

"मी आईंना आत्ता काही सांगत नाही, पण तुझ्या डॉक्टरीणबाईंना आत्ताच्या आत्ता फोन करणार. आणि त्या नको म्हणाल्या तर नको. कबूल?"

तिनं मान हलवली. मी फोन लावला. डॉक्टरीणबाई इस्पितळात फेरीवर होत्या, दुपारी भेटतील असं तिकडून सांगितलं. मी निरोप ठेवला. तेवढ्यात भावजी वाटी घेऊन आलेच. टिटवीनं आधी गोळी तोंडात टाकली आणि तिच्यामागोमाग कोळशाचा चमचा, रोजच्यासारखाच, एका घोटात. मी समोर उभी राहून बघत होते आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही.

आम्ही सभागृहात पाऊल ठेवलं. उंच छत, रांगेनं दुकानं, शिलाई यंत्रांचा खडखडाट, कुठे भांडी आपटून दाखवताहेत, कुठे झाडू. आमच्या दुकानापुढे लाकडी मंच होता आणि त्यावर टेबल. मी आधी टेबलाचे कोपरे बघितले. मग कोळशाची रिकामी पोती आणून मंचावर पसरली. भावजींनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "शोभा." सासूबाई पहिल्या खुर्चीवर मांडीवर शाल घेऊन बसल्या. त्यांचे ओठ हलत होते.

आणि टिटवी उभी राहिली.

"सज्जनहो, आणि सज्जन नसलात तरी या! पाणी सगळ्यांनाच लागतं!"

सगळं सभागृह वळलं. खरं सांगते, शिलाई यंत्रवाल्यानं यंत्र थांबवलं. त्या आवाजाला जन्मात पहिल्यांदा त्याच्या मापाची खोली मिळाली होती. ती लाल पाणी ओतत होती, मध्ये थांबत होती, लोकांना बोलतं करत होती. "ओळखा बघू, खाली काय पडणार? लाल म्हणणाऱ्यांनी हात वर करा! काका, तुम्ही दोन्ही हात वर केलेत, तुम्ही कुठल्या बाजूचे?" हशा पिकला. तोटीतून नितळ धार पडली तेव्हा टाळ्यांनी पत्रे हलले. ती पेला गटागटा प्यायली आणि काळी जीभ काढून दाखवली. पुन्हा टाळ्या. मी पेले पुसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सासूबाईही हसत होत्या. पोटावर हात ठेवून, पण हसत होत्या.

तेव्हा गर्दीतून एक आजोबा पुढे आले. गळ्याला मफलर, हातात बाटली, आणि असा खोकला की त्यांच्यासाठी गर्दी आपोआप दुभंगली.

"रंग काय, कुणीही काढेल! हे माझं खोकल्याचं औषध. काळंकुट्ट, कडू जहर. हे साफ करून दाखव, मग मानतो!"

"द्या इकडे आजोबा! आज तुमचं औषध आणि आमचा कोळसा, होऊन जाऊ दे कुस्ती!"

तिनं झाकणभर औषध पाण्यात मिसळलं. उग्र वास माझ्यापर्यंत आला. पाणी नळीत ओतलं. सगळे माना उंचावून बघत होते. थेंब, थेंब, मग धार. पांढरं स्वच्छ पाणी. आजोबांनी पेला नाकाशी नेला, मग जिभेला लावला.

"अरे! जरासं गोड लागतंय, पण कडूपणा नाही, वास नाही! माझं औषध गेलं कुठे?"

"कुठे म्हणजे?" टिटवी रंगात आली होती. "कोळशाच्या पोटात! त्याला काय कळतंय आजोबा, विष कुठलं आणि औषध कु..."

आणि ती थांबली.

लोकांना वाटलं, ही तिची हशा पिकवायची युक्ती. पण ती माझ्याकडे बघत होती. मी पेल्याकडे बघत होते. सकाळची गोळी. तिच्यामागोमाग चमचा. रोज. दोन चमचे. भावजी नळी धरून उभे होते. त्यांचा चेहरा त्या पाण्यासारखा पांढरा पडत गेलेला मी बघितला. आम्हा तिघांना एकाच क्षणी उमगलं. आणि जन्मभर आम्ही लोकांना हेच तर दाखवत आलो होतो!

"वहिनी," टिटवी म्हणाली, "जळक्या रबराचा वास येतोय."

तो वास तिलाच यायचा, झटक्याच्या आधी. मी एका ढांगेत तिच्यापाशी पोचले. तिला खाली बसवलं. माइक तिच्या हातातच होता, आणि तो ती सोडेना.

"मंडळी," ती म्हणाली, आवाज थरथरत होता पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता, "मला आता फिट येणार आहे. घाबरू नका. माझ्या तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका. ती आपली आपण थांबते. मी उठेन आणि मग उरलेलं सां..."

माइक घरंगळला. मी तिला कुशीवर वळवलं, टेबल पायानंच मागे ढकललं, घड्याळाकडे नजर ठेवली. भावजी गर्दीला हात जोडून मागे सारत होते. कुणीतरी शहाणा चमचा घेऊन धावत आला, "दातात घाला, दातात घाला" करत. तेवढ्यात मंचावर सासूबाई चढल्या. हातात शाल.

वाटलं, आता ह्या पोरीवर शाल टाकणार. सगळ्या जगासमोर तिला झाकणार.

सासूबाईंनी शालीची घडी घातली. खाली बसल्या आणि ती घडी लेकीच्या डोक्याखाली सरकवली. मग चमचेवाल्याकडे बघून म्हणाल्या, "चमचा घरी ने आणि त्यानं जेव! ऐकलं नाहीस का ती काय म्हणाली? आणि तुम्ही सगळे, मागे व्हा, हवा येऊ द्या. टाळ्या वाजवायला पुढे होतात ना? मग आता गप्प उभे राहा."

आणि ती माणसं खरोखर गप्प उभी राहिली. कुणीही गेलं नाही. झटका थांबला. टिटवीनं डोळे उघडले तेव्हा ती गोंधळलेली होती, झोपाळू होती, आईला वहिनी आणि मला आई म्हणत होती. ह्यांनी निळी गाडी सभागृहाच्या दारालाच लावली.

डॉक्टरीणबाई इस्पितळाच्या दारातच भेटल्या. ठेंगणी, करारी बाई. त्यांनी टिटवीला आत घेतलं, तपासलं, रक्त काढलं. मग बाहेर येऊन आम्हाला विचारलं, "तोंडाला हे काळं काय आहे?"

भावजींनी तोंडावर हात धरला.

"सगळ्यांनी जिभा दाखवा."

इस्पितळाच्या लांब बाकावर सासूबाई, भावजी आणि मी, एका ओळीत, जिभा बाहेर काढून. समोरून जाणारी परिचारिका थबकलीच. ह्यांनी पण भीतीनं जीभ काढली होती, ती तेवढी गुलाबी.

भावजींनी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. शेवटी अगदी हळू म्हणाले, "पण डॉक्टर, विषबाधेत तुम्हीही कोळसा देताच ना?"

"देतो. ज्यानं नुकतंच विष घेतलंय अशा माणसाला, इथे, आमच्या डोळ्यांसमोर, औषध म्हणून बनवलेला. तोही प्रत्येक विषावर चालत नाही. तुम्ही ह्यातलं काय पाळलंत? पाणी गाळायची भुकटी ती! त्यात काय काय मिसळलेलं असेल, तुम्हाला तरी माहीत आहे का? झटक्यात उलटी होऊन ती छातीत उतरली असती म्हणजे? आणि आजी, तुम्हाला शौचाला किती दिवस झाले?"

सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच मान खाली घातली.

"आतडं बंद पडायची वाट बघत होतात का? कोळसा बंद, पाणी भरपूर, आणि उद्या मला येऊन दाखवायचं." मग त्यांचा आवाज जरा निवळला. "शरीराची सफाई करायला यकृत आणि मूत्रपिंडं जन्मापासून कामावर आहेत. त्यांच्या हाताखाली नवा नोकर ठेवायची गरज नाही. कुणाला घ्यायचाच असेल तर आधी विचारायचं, आणि दुसऱ्या औषधांच्या आगेमागे तर नाहीच. गोळी हृदयाची असो, फिटची असो, मूल होऊ नये म्हणून घेतलेली असो, कोळसा ती खाऊन टाकतो."

"म्हणजे दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं असतं तर...?" भावजींनी विचारलं.

"बाकीच्यांना कदाचित चाललं असतं. तिची गोळी तशी नाही. रक्तात गेल्यावरही ती थोडी थोडी आतड्यात परत उतरते, आणि तुमचा कोळसा तिथेही टपून बसलेला असतो. तिला कोळसा कधीच नाही. समजलं?"

भावजी उठून खिडकीपाशी गेले. त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई म्हणाल्या, "ये इकडे, मेल्या. रडायचं काम तुझं नाही. तुझं काम दुसरं आहे, ते सांगते मग."

टिटवीला दोन रात्री ठेवून घेतलं. औषधाची मात्रा शिरेतून भरून काढली, रक्त पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती उशीला टेकून बसली होती. चेहरा उतरलेला. दातांवर अजून काळी रेघ.

"आई," ती म्हणाली, "लेबलं कधीपासून चिकटवू? तीनदा कबूल केलंय मी."

सासूबाई तिचे केस विंचरत होत्या. "लेबलं तुझा भाऊ चिकटवणार आहे. तुला दुसरं काम आहे."

"कुठलं?"

"तू ते वाक्य अर्धं टाकून पडलीस. आज सकाळी तुझा भाऊ दुकान उघडायला गेला तर दारात माणसं उभी. ती पोरगी कशी आहे? ती पुढे काय सांगणार होती? मफलरवाले आजोबा तर दोनदा येऊन गेले. मी काय सांगू त्यांना? मला कुठे बोलता येतं तुझ्यासारखं?"

"आई! आणि तिथे पुन्हा पडले तर?"

फणी थांबली. "पडलीस तर उठशील. काल बघितलं की मी. सगळ्यांनीच बघितलं."

टिटवी किंचाळली. परिचारिका धावत आली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, पण खुर्चीवर बसून, सोबत कुणीतरी पाहिजे, आणि दिवसाला एकच प्रयोग. आम्ही पोचलो तेव्हा सभागृहाच्या दरवाज्यापासून गर्दी होती. मला आत शिरायला कोपरं वापरावी लागली. नळी भावजींनी धरली होती, दोन्ही हातांनी, आणि ती जरासुद्धा हलत नव्हती.

टिटवी खुर्चीवर बसली, माइक घेतला, आणि जिथे थांबली होती तिथूनच सुरुवात केली.

"...आणि औषध कुठलं! त्याला कळत नाही! म्हणून तो पाण्यात चांगला आणि पोटात घातक. माझ्या भावानं मला तेज यावं म्हणून कोळसा खाऊ घातला, आणि मीही मिटक्या मारत खाल्ला. कोळशानं माझी गोळी खाल्ली, आणि पुढचं तुम्ही बघितलंच. आमचा कोळसा घ्या, पाणी गाळा, पण खाऊ नका! घरात कुणाला औषध चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय दुकानातलाही खाऊ नका. आजोबा, तुमचं औषध आणलंय का? आज ते नळीत घालायचं नाही, चमच्यातून प्यायचं. माझ्यासमोर. आ करा!"

आजोबांनी आ केला. अशा टाळ्या मी आयुष्यात पुन्हा ऐकल्या नाहीत. सासूबाई पहिल्या खुर्चीवर उभ्या होत्या. हो, खुर्चीवर, मागच्यांना दिसत नव्हतं तरी.

टिटवी निळ्या गाडीतून तीसेक वर्षं गावोगाव फिरली. गाडी मात्र कधी स्वतः चालवली नाही; चालवायला तिनं एक अबोल माणूस निवडला आणि पुढे त्याच्याशीच लग्न केलं. तिला त्यानंतर आणखी दोनदा झटका आला, एकदा भर प्रयोगात. उठली आणि राहिलेलं सांगितलं. भावजींनी प्रत्येक पोत्यावर आणि प्रत्येक गाळण्यावर 'खाण्यासाठी नाही' असं लाल लेबल लावायची पद्धत सुरू केली, आणि कामाला कितीही माणसं असली तरी ती लेबलं शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं लावली. शोध थांबले नाहीत, पण प्रत्येक नवा शोध घेऊन ते आधी डॉक्टरीणबाईंकडे जायचे, आणि बाई म्हणायच्या, "पहिल्यांदा जीभ दाखवा." गेल्या वर्षी ते गेले. डॉक्टरीणबाई त्यांच्या आधीच. मफलरवाल्या आजोबांनी पुढची पाच प्रदर्शनं चुकवली नाहीत, सहाव्याला त्यांची सून येऊन टिटवीला त्यांची रिकामी बाटली देऊन गेली. सासूबाई नव्वदीला टेकून, रोज सकाळी पाण्याचे दोन तांबे पिऊन, झोपेत गेल्या. ती शाल टिटवीकडे आहे. आमचे हे भट्टी बंद केल्यावर फार दिवस राहिले नाहीत.

परवा माझी नात कुठल्याशा उपाहारगृहातून काळंभोर सरबत घेऊन आली. म्हणाली, "आजी, शरीर आतून साफ होतं, आता सगळे पितात." मी तिला विचारलं, तुझ्या थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत ना? ती म्हणाली, हो, आत्ताच घेतली, त्याचा काय संबंध? मी सरळ टिटवीला फोन लावला आणि तो पोरीच्या हातात दिला. टिटवी आता सत्तरीच्या घरात आहे. तिचा आवाज मला खोलीच्या ह्या टोकाला ऐकू आला.

"आधी तो पेला खाली ठेव! आणि जीभ दाखव तुझ्या आजीला!"